नामानाला मिळालेली परवानगी

बाबा, नामानावरचा तुमचा उपदेश मला अजून तोंडपाठ आहे, आणि तो तुम्ही कुठं थांबवायचात हे आता नेमकं कळलं आहे. तेच सांगायला बसलो आहे. माझी बायको म्हणते, माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग. तिला म्हटलं, उपयोग व्हावा म्हणून मी रागावलेलो नाही.

गावातल्या आपल्या चर्चच्या त्या पत्र्याच्या देवळात आम्ही मुलं पुढं सतरंजीवर, बाया डावीकडं, आई त्यांच्यात भिंतीला टेकून. तुम्ही सुरुवात करायचात. नामान, अरामाच्या राजाचा सेनापती, छातीवर पदकं आणि पदकांखाली कोड. पदकं बायबलात नाहीत, ती तुमची. मग तुम्ही त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडवायचात आणि आम्ही मोठ्यांदा मोजायचो. सातव्या बुडीला तुमचा आवाज एकदम खाली यायचा. कातडी लहान लेकरासारखी झाली, बुड्या मारायला सांगणाऱ्या अलीशा संदेष्ट्यापाशी तो परतला आणि म्हणाला की इस्राएलाच्या देवाशिवाय पृथ्वीवर दुसरा देव नाही. इथं तुम्ही पुस्तक मिटायचात. परका माणूस आपला झाला, आमेन, चला गीत घ्या. म्हातारे डोळे पुसायचे. माझ्याही अंगावर काटा यायचा, आणि वाटायचं की एवढं बोलणारा माणूस पंचक्रोशीत नाही.

मी सध्या रायस्वाइकमध्ये राहतो, द हेगला लागूनच. कामाला ट्रामनं जातो. पदवी नसलेला आमच्या मजल्यावर मी एकटाच. संगणक पुस्तकं वाचून शिकलो, डच भाषाही तशीच. ती बोलायची सवय व्हावी म्हणून इथल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी शास्त्रवाचनाला जायला लागलो. सातआठ जण असतात, सगळे इथलेच. कॉफी मिळते, एक बिस्कीट मिळतं आणि डबा बंद होतो. त्यांची रीत अशी की अध्याय घेतला की शेवटपर्यंत वाचायचा, एकेकानं दोनदोन वचनं, आवडो न आवडो. त्या दिवशी नामान निघाला. मनात म्हटलं, हा तर आपल्या घरचा. शास्त्र मी तीन भाषांत ताडून वाचलेलं आहे, पण या अध्यायाला हात लावला नव्हता. तो तुमच्या आवाजात डोक्यात होता, तपासायचं काय त्यात?

माझी पाळी आली ती तुम्ही जिथं थांबायचात त्याच्या पुढं. नामान म्हणतो, दोन खेचरांवर मावेल एवढी इथली माती मला न्यायला द्या, यापुढं मी तुमच्याच देवाला अर्पण करीन. आणि मग म्हणतो, एवढ्या एका गोष्टीची मात्र क्षमा असावी. माझा धनी तिकडच्या रिम्मोन देवाच्या देवळात नमन करायला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकून जातो. तो वाकला की मलाही वाकावं लागतं. त्यावर अलीशा काय म्हणतो? उपदेश करत नाही. अट घालत नाही. शांतीनं जा म्हणतो. माझं डच अडखळलं. बाईंना वाटलं शब्द कठीण आहे, त्यांनी तो मला सावकाश म्हणून दाखवला. शब्द मला येत होता.

आता मी अण्णांकडं, आईच्या वडिलांकडं येतो. तुम्ही त्यांना नेहमी 'हिचे वडील' म्हणायचात, सासरे कधी म्हणाला नाहीत. आईनं बोर्डिंगात असताना स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अण्णांनी आकांडतांडव केलं नाही. तो तुझा देव, तू बघ, पण भैरोबाच्या जत्रेला येत जा, एवढंच म्हणाले. डोळे गेलेले, एक पाय ओढत चालायचे, आणि भैरोबाच्या त्या उंच दगडी पायऱ्यांवर आईच्या खांद्याशिवाय त्यांना भरवसा वाटत नसे. मी तिचा पदर धरून मागं असायचो, म्हणून हे ऐकीव नाही. अण्णांचा पंजा आईच्या उजव्या खांद्यावर आहे. ते उंबऱ्याशी थांबतात, वाकतात, सगळा भार तिच्यावर येतो आणि ती त्यांच्यासोबत खाली जाते. तिचे डोळे उघडे आहेत. ती देवाकडं बघत नाही, म्हाताऱ्याच्या पायाकडं बघते आहे, घसरतो की काय म्हणून.

तुम्ही मोठे पाळक झालात त्या वर्षी मंडळीतल्या कुणीतरी तुम्हाला हे येऊन सांगितलं. कोण ते मला माहीत आहे, त्यांची नातवंडं मला दिवाळीला शुभेच्छा पाठवतात, राहू द्या. तुम्ही स्वयंपाकघरात आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही बसलाही नाहीत.

"वाकलीस का?"

"अण्णा वाकले. हात त्यांचा होता."

"मी हाताचं विचारत नाही."

भाकरी तव्यावर जळली. पुढच्या चैत्रात मामा आईला जत्रेला न्यायला बैलगाडी घेऊन आला, त्याला तुम्ही ओसरीवरच चहा दिलात आणि मंडळीचं काम आहे म्हणून परत लावून दिलंत. बैल सोडलेही नव्हते. त्या जत्रेला अण्णा पायऱ्यांच्या खालूनच हात जोडून फिरले, हे मला मिसरूड फुटल्यावर मामानं सांगितलं. त्याच्या पुढच्या जत्रेला ते नव्हते. आईला तुम्ही त्यांच्या मातीला जाऊ दिलंत, पण रडून झाल्यावर पाणी पाजण्याच्या आधी परत आणलंत, कारण तिथं विधी होणार होते.

आणि लग्नालग्नांत तुम्ही आईकडं बोट करून सांगायचात, ही आमची रूथ. कसली रूथ? बेथलेहेमात रूथला कुणी एक प्रश्न विचारलेला नाही, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. परक्या मुलखातली ती विधवा, म्हाताऱ्या सासूला धरून आली एवढ्यावर सगळं गाव तिला चांगलं म्हणालं. यरीहोची राहाब आठवते? हेरांना लपवल्यावर तिनं पहिल्यांदा काय मागितलं? आई, बाप, भाऊ, बहिणींचे जीव. आणि त्यांनी शपथ घेऊन दिलं. तुमचं सगळं शास्त्र दारात उभ्या असलेल्या परक्यांनी भरलेलं आहे, त्यांना आत घेताना तुम्ही दोन्ही हात पसरायचात. तुमच्या घरात एकच परकी होती. ती तुम्हाला ताट वाढायची.

हे सगळं मला वाटत होतं तेव्हा एक सूट मी तुम्हाला दिली होती. म्हटलं, घाईचा माणूस, रविवारी तीन गावं करायचा, पुढं वाचलं नसेल. आई सध्या इथंच आहे, तीन महिन्यांच्या व्हिसावर. द हेगच्या सुरिनामी दुकानातून मेथी आणली होती, ती निवडत बसली होती. मी मोठा शोध लावल्यासारखं तिच्यासमोर पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, काड्या बाजूला केल्या.

"हे मी, त्यांनी वाकलीस का विचारलं त्याच आठवड्यात वाचलं होतं रे. त्यांना दाखवलंसुद्धा, जेवताना."

"मग?"

"जेवले. हात धुतले. म्हणाले, तो सेनापती होता, तू पाळकाची बायको आहेस."

एवढं सांगून ती म्हणाली, मेथीत डाळ घालू की नुसती परतू. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्यानंतरही वर्षानुवर्षं, ती भिंतीला टेकून समोर बसलेली असताना, तुम्ही त्याच जागी पुस्तक मिटत राहिलात. तिला माहीत आहे हे तुम्हाला माहीत, आणि आम्ही मुलं खाली बसून बुड्या मोजतोय. न वाचल्याची चूक मी पोटात घातली असती. पण ही चूक नव्हे. तुमच्याकडं परवानगी होती, देण्यासाठीच तुमच्या हाती सोपवलेली, आणि ती तुम्ही हुद्दा बघून वाटलीत.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. त्यालाही आता गुडघ्यांनी जेर केलं आहे. आवाज स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. म्हणाला, आक्का, अण्णांना धरायचीस तशी यंदा मला धर, एकदा वर जाऊन येऊ. आई म्हणाली, तुला मी धरीन, मला कोण धरणार, दोघं गडगडत खाली येऊ, लोक नारळ समजतील. दोघंही खूप हसली. मग तिनं फोन ठेवला, चष्मा पुसला आणि मला म्हणाली की तिचं तिकीट जत्रेच्या नंतरचं आहे, ते अलीकडं घेता येईल का. मी म्हटलं, का नाही, आत्ता घेतो. ती अशी काही मागत नाही. उभ्या आयुष्यात मी तिचं काही मागणं ऐकलेलं नाही.

विमान कंपनीला फोन मी बाहेरच्या गॅलरीत जाऊन केला. तिकडच्या मुलीनं अलीकडच्या दोन तारखा सांगितल्या, एक जत्रेच्या आधीची, दुसरी नंतरची, आणि नंतरचीला बदलाचे पैसे पडणार नाहीत म्हणाली. पैशांचा प्रश्न नव्हता. कुठली देऊ, तिनं विचारलं. आतून काचेतून आई दिसत होती, खांद्यावर शाल घेऊन, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती उंबऱ्याशी वाकताना आली. मी आधीची तारीख घेतली, बाबा. तिकीट आईच्या पर्समध्ये आहे. पण त्याआधी त्या मुलीला दोनदा विचारावं लागलं, मी लाइनवर आहे ना म्हणून.