परत परत गृहप्रवेश

७ जून
किळस आली. आज पुन्हा दूध उतू घालवलं! नव्या घरात शिरताना दूध उतू जाऊ द्यायचं, ही इथली कानडी रीत. शिवाजीनगरच्या बस स्टँडवरून बेघरांसाठीच्या संस्थेने मला या खोलीत आणलं, त्या दिवशी संस्थेतल्या पवित्राने ते केलं. तेव्हा बरं वाटलं होतं. मग देणगीदार येऊ लागले. दरवेळी मी नव्याने घरात शिरतो, दरवेळी पातेलं. आज दूध तापेना, तर एका साहेबाने पुढे होऊन इंडक्शनचं बटण वाढवलं. उतू गेलं. टाळ्या, फोटो. "अण्णा, स्वल्प हसा," पवित्रा म्हणाली. हसलो.

८ जून
इंडक्शनच्या काचेवरचा करपलेला थर निघत नाही. खोलीभर वास.

११ जून
शनिवारी आणखी एक तुकडी. नाही म्हणालो. पवित्रा समजावत राहिली — पुढचं भाडं हेच लोक देणार. माझ्या खोलीचं आणि शेजारच्या चंद्राबाईंच्याही. मग खाली बघत म्हणाली, तो स्टँडवरचा जुना शर्ट असेल तर घाला.
जन्मभर जाहिराती लिहिल्या, वेळेत दिल्या. 'आधी' आणि 'नंतर' एकाच फोटोत हवं असतं, हे मला कुणी शिकवायला नको.
ती गेल्यावर मी शर्ट शोधू लागलो. सापडलाही. थुंकावंसं वाटलं — स्वतःवरच.

१४ जून
जुना नाही, धुतलेला शर्ट घातला. पाहुण्यांना कोरा चहा दिला. पातेलं काढलंच नाही.
"दूध घरात शिरताना उतू घालवतात," मी म्हणालो. "मी शिरलोय."
एक बाई पवित्राकडे वळल्या. "मग आम्ही पाहायचं काय?"
चहा कुणी संपवला नाही. ते गेल्यावर चंद्राबाई दारातून म्हणाल्या, "ताठा तुमचा, अण्णा. सामान मी पण बांधायचं?"
मी कप गोळा करू लागलो.

१५ जून
पवित्राचा फोन नाही. पिशवी भरून ठेवली. बूट घालून भिंतीला टेकून बसलो. स्टँडवर झोप अशीच असायची — एक डोळा बुटांवर.

१७ जून
दुपारी पवित्रा येऊन गेली म्हणे. 'पाहायचं काय' विचारणाऱ्या त्या बाईंनी दोन्ही खोल्यांचं अर्ध्या वर्षाचं भाडं दिलंय; पुढचं पुढे. चंद्राबाईंनी सांगितलं. दोघींनी बराच वेळ दार बडवलं. मला ऐकूच आलं नाही. चहाला दूध ठेवून जरा आडवा झालो होतो. उठलो तेव्हा सगळं उतू गेलेलं.
बूट दाराशी.