आई गिटारशी बोलते

प्रिय बसू,

हे मी तोंडानंही सांगू शकले असते. पण बोललं की भिंतीवरची तुझी गिटार ऐकते, आणि आज तिनं काही ऐकू नये असं मला वाटतंय. म्हणून वहीतला कागद फाडून स्वयंपाकघरात लिहीत बसलेय. आई मागच्या खोलीत आहे. दार उघडं ठेवलंय, इथून ती दिसते.

तू गेलास तोही बसल्या बसल्या. येडशीच्या स्टेशनवर, बाकड्यावर, गिटार दोन गुडघ्यांत धरून. पुण्याची गाडी आली, थांबली, निघून गेली, तरी तू उठला नाहीस. चहावाल्याला वाटलं, डुलकी लागली असेल. कुणाला त्रास न देता जाणं तुला बरं जमलं! गर्दीत नुसतं 'सरका' म्हणायचं तरी तुझे कान लाल व्हायचे.

पुण्यातल्या त्या हॉटेलात मी एकदाच आले होते, आठवतंय? तू कोपऱ्यात, लोकांकडं अर्धी पाठ करून वाजवत होतास. वेटर मला म्हणाला, "मॅडम, सर कुणाशी बोलत नाहीत हं." मी म्हटलं, घरीही नाहीत. तेवढ्यात तू मला पाहिलंस आणि वाजवता वाजवता मधेच आपली ती ओळ घेतलीस.

आपली ओळ. गिटार घरात आली तेव्हापासून तू मला 'अक्का' अशी हाक कधी मारलीच नाहीस. मागच्या खोलीतून ती ओळ वाजवायचास आणि शेवटचा सूर मुद्दाम सोडून द्यायचास. मी असेन तिथून तो सूर गुणगुणायचा, म्हणजे 'आले'. तो मिळेपर्यंत तू पुढं वाजवायचा नाहीस. त्या हॉटेलातही मी टेबलावरून तो दिला, बाजूचे लोक वळून बघायला लागले आणि तू खाली मान घालून हसलास. ते हसू मला अजून दिसतं.

तू तिथं वाजवायचास ते जॅझ म्हणजे नेमकं काय रे, असं मी एकदा विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती आणि तू तिच्या थापांवर वाजवायला लागलास. थाप पडली की तू जरा मागं रेंगाळायचास, मग तिला गाठून पुढं पळायचास, परत तिच्यापाशी यायचास. मला सगळं समजलं. आईला पत्ताच नव्हता. ती म्हणाली, "त्येच्या टुंगटुंगीनं माजी भाकरी वाकडी व्हतीया." तू तिच्याशीच बोलत होतास की! एकदा तरी तिला तसं का नाही सांगितलंस?

आता तुला माहीत नसलेलं सांगते. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं पुरण्यासाठी तुला मांडी घालून बसवलं. स्वामी डाव्या तळहातावर तुझं गळ्यातलं लिंग ठेवायला आले, तर बोटं उघडेनात. चारही वेगवेगळी वाकलेली, तारांवर दाबून धरल्यासारखी. कुणीतरी ती सरळ करायला पुढं झालं. स्वामी म्हणाले, "ताई, काय करावं?" मी म्हटलं, राहू द्या, त्याला तसंच धरायची सवय आहे. त्या वाकड्या बोटांतच लिंग ठेवलं. तू माती पडायची वाट बघत असल्यासारखा दिसत होतास, आणि मातीनंतर काहीतरी वाजवणार असल्यासारखा.

चहावाल्यानं एसटीनं येऊन तुझी गिटार घरी पोचवली. मी ती मागच्या खोलीत खिळ्याला अडकवली. काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, आईनं तिच्यासमोर उभं राहून नुसतं "बसू" म्हटलं. तारा गुणगुणल्या. अगदी बारीक. मी दारात होते, मीही ऐकलं.

मी आपल्या गावच्या, वाशीच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. अनुनाद म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एका गोष्टीचा आवाज दुसरीला पोचतो आणि तीही थरथरते. आईला बसवून नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल बाई तुज्या पुस्तकात. पर शेजारीण इतकी वराडली मगाशी, तवा बसू गप का ऱ्हायला मग?"

त्या दिवसापासून ती तिथंच. जन्मभर तुझ्याशी चार वाक्यं न बोललेली आई आता तासन्‌तास बोलते. दुकानात तूरडाळ कशी महागलीय, तुझ्या लहानपणी तुला गोवर कसा निघाला होता, बाबा गेल्यावर ती कशी घाबरली होती. एक वाक्य बोलायचं, थांबायचं, ऐकायचं. खरं सांगू? मला हेवा वाटला. माझ्या आवाजाला तू एकदाही उत्तर दिलं नाहीस. आधी सगळं माझ्याशीच बोलायचास ना?

पण ती जेवेना. अर्ध्या भाकरीवरून पाव भाकरीवर आली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी ओरडले तर म्हणाली, "लीला, आता लई भूक न्हाय लागत गं मला." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ना, त्यानं मला जास्त भीती वाटली.

म्हणून परवा ती अंघोळीला गेली असताना मी तुझ्या गिटारच्या खुंट्या उलट्या फिरवल्या. सगळ्या तारा सैल केल्या, इतक्या की त्या लोंबायला लागल्या. माझ्या विज्ञानाप्रमाणं आता तिथून आवाज येणं शक्य नव्हतं. आई येऊन बसली, बोलली, थांबली. काहीच नाही. ती नुसती वाट बघत राहिली. मला वाटलं, दोन दिवस रडेल आणि मग माझ्या ताटाशी येईल.

आज रविवार. भर दुपारी मी इथं भांडी विसळत होते. वीज गेलेली, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या खोलीतून आपली ओळ आली.

पुसट नव्हती बसू. स्पष्ट, तुझ्या बोटांची, मधला सूर जरासा रेंगाळलेला. आणि शेवटचा सूर सोडलेला. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. घशाशी सूर आला, पण तोंड उघडेना. आणि तेवढ्यात आईनं तो दिला.

तिनं आयुष्यात कधी गुणगुणलेलं मी ऐकलं नाही. ती ओळ आपली आहे, तिचा अर्थ काय, हे तिला कुणी सांगितलं? मी धावत गेले. तारा तशाच लोंबत होत्या. आई शांतपणे म्हणाली, "माजं इरकल काढून दे गं. बसू बोलवतोय."

मी नाही म्हणाले. तर तिनं स्वतःच ट्रंक उघडली, ते इरकली लुगडं नेसली, केस विंचरले. आता भिंतीला टेकून मांडी घालून बसलीय, पाठ ताठ. डावा तळहात मांडीवर उघडा. मला वाटलं, लिंगपूजेला बसली असेल. पण पूजा तर सकाळीच झाली, आणि तिची बोटं वाकलेली आहेत. चारही वेगवेगळी. जवळ जाऊन मी ती सरळ केली, तिनं हसून करू दिली, आणि मी हात सोडल्यावर ती हळूहळू परत वाकली.

बसू, तू लाजाळू होतास, वाईट कधीच नव्हतास. एकटं वाटत असेल तुला, मला कळतं. पण तिला नेऊ नकोस. मला अजून ती हवीय.

म्हणून तुला शब्द देते. हा कागद संपला की मी तारा पुन्हा ताणणार आहे आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसणार आहे, आज आणि यापुढं रोज. तू ओळ घेतलीस की तिच्या आधी मी सूर देईन. तो सूर पहिल्यापासून माझा आहे, तुझ्या ओळीला उत्तर मीच द्यायचं. ती निघालीच असेल तर तिला परत फिरव, आणि त्याबदल्यात जेव्हा खरोखर बोलावशील तेव्हा मी येईन, कुरकुर न करता.

थांब. आत पुन्हा वाजतंय. मी उठते.

तुझी,
अक्का