माणसाच्या चालीची गाडी

१९ सप्टेंबर २००४

आणली एकदाची! आणली म्हणजे ओढत आणली, ट्रॅक्टरमागं दोर बांधून. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप-पिकअप, कुठल्याशा लिलावातून भंगारवाल्याकडं आलेली. मुकुंदवाडीत आमच्या दारात उभी केली तर ओट्यावर चढायला जागा उरली नाही. आशा झाडू हातात घेऊन बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, हिच्यासाठी पण चहा टाकू का? बायको माझीच, टोमणा मारायला मागं कशी राहील!

मागच्या गल्लीतल्या मुनीरमिस्त्रीनं बॉनेट उघडलं, बघितलं, हळूच लावलं. "मियाँ, ये गाडी नै, जनाजा है. कंधे को चार आदमी बुलाव." पण बोलता बोलता चाक हलवून बघत होता. म्हणजे करणार.

थकलो. बाकी उद्या.

२० सप्टेंबर

का आणली ते लिहून ठेवतो. पुढं कंटाळा आला की वाचता येईल.

आप्पा, माझे वडील, पिशोरला मेंढरं राखतात. दिवाळीचा पाडवा झाला की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, हलतो. रानोरान मेंढरं बसवत पाचोडकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत. आजवर आप्पा पुढं चालायचे, मधे मेंढरं, चुलतभाऊ सांडू शेवटाला कुत्र्याबरोबर, आणि बिऱ्हाड अन् कोकरं घोडीवर लादून आई. होळीला आई गेली. पाठोपाठ घोडी गेली. आता आप्पांचा उजवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद, नाहीतर कायमची खाट. पावसाळ्यात त्यांना इथं ठेवून घेतलं तर महिनाभर भिंतीकडं तोंड करून बसले. टीव्ही त्या भिंतीला लावला, तर ते दुसऱ्या भिंतीकडं वळले.

जाताना म्हणाले, "यंदा इकून टाकू समदी. सांडू एकट्याच्यानं व्हनार नाय." व्यापारी टपलेलाच आहे. त्या दिवशी जेवले नाहीत.

मेंढरं गेली तर आप्पाही फार दिवस राहणार नाहीत. हे मला कोणी सांगायला नको. म्हणून ही गाडी. हिला छोटा गिअर आहे. तो टाकला की ढेकळांतून, नाल्यातून माणसाच्या चालीनं चालते. सांडू चालवील, आप्पा हौद्यात मागं तोंड करून बसून हाळी देतील, मेंढरं गाडीमागं येतील. मी वाळूजला कंपनीत, आशा घरात. सगळे आपापल्या जागी!

२७ सप्टेंबर

फर्स्ट शिफ्ट. संध्याकाळी पुढच्या चाकाचा हब उघडला. आतून गंजाचं पाणी आलं. तसाच झोपलो.

३ ऑक्टोबर

इंजिन धरलं! धूर एवढा झाला की शेजारच्या साळूबाईंनी वाळत घातलेल्या पापडांवर घाईघाईनं चादर टाकली. छोटा गिअर मात्र पडत नाही. मुनीर म्हणतो गिअरची पेटी उतरवावी लागेल. उतरवू. आणखी काय करणार!

११ ऑक्टोबर

आप्पा एस.टी.नं आले. इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही, थेट हौद्याकडं गेले. कोकरांसाठी मी दोन्ही बाजूंनी पत्रा ठोकून छान कप्पे केले होते. काठीनं त्यावर दोनदा वाजवलं आणि म्हणाले, आईला लेकरू दिसलं नाही तर ती दिवसभर ओरडंल अन् वाटेत थांबंल. धनगराच्या पोटी जन्मून हे मला कळू नये! सगळा पत्रा कापला, गजांची जाळी लावली. हात भाजला.

त्यांची बैठक मागच्या बाजूला केली आहे, जुन्या बसच्या सीटची. त्यावर गुलमंडीहून आणलेलं जाड कापड आशानं स्वतः शिवलं. टोमणे मारत, पण शिवलं.

२२ ऑक्टोबर. दसरा.

झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आणि छोटा गिअर पडला! मुनीर चाकाबरोबर चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, सिगारेट विझू न देता परत आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. झोप नसली की येतं.

३१ ऑक्टोबर

पिशोर. पहिली चाल. आप्पा मागं बसले, सांडूनं गाडी हलवली, आप्पांनी हाळी दिली. हाळी दर मेंढक्याची वेगळी. आमची टाळूला जीभ लावून निघते, शेवटी एक हेलकावा घेते. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी दिलेली. मेंढरं चार पावलं आली आणि थांबली. तोंडावर सगळा धूर! एक म्हातारी मेंढी शिंकत उभी राहिली.

सायलेन्सर वर काढायचा, ट्रॅक्टरसारखा. पुन्हा वेल्डिंग. पुन्हा रविवार.

७ नोव्हेंबर

धूर वर गेला. तरी येईनात. इंजिनाच्या आवाजात आप्पांची हाळी ऐकूच जात नाही. आप्पा ओरडून ओरडून खोकत राहिले. शेवटी मीच सांडूला हात केला, बंद कर.

आप्पा उतरताना म्हणाले, "गाडी चांगलीय. पर मेंढरू मानसाच्या मागं चालतं रं." मी म्हटलं, माणूस गाडीत बसलाय ना. व्यापाऱ्याला त्यांनी सोमवारचा, पाडव्यानंतरचा वायदा दिला आहे. रविवारी वाडा हलला नाही, तर घेऊन जा.

९ नोव्हेंबर

उपाय सापडला! भोंगा. आमच्या भाजीवाल्याकडं जादाचा आहे, बॅटरीवर चालतो. आशा ऐकून इतकी हसली की पोळी करपली. मेंढरांना काय ताजी मेथी विकणार का, म्हणे. हसू दे. आवाजाचाच प्रश्न आहे ना? मग आवाज मोठा करायचा. कंपनीत आम्ही असंच करतो.

१३ नोव्हेंबर. पाडवा.

पिशोरला आशाही आली. मेंढरांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले, पूजा झाली. हे काम आईचं होतं. आशानं न विचारता ताट हातात घेतलं. आप्पा तिच्याकडं बघत राहिले.

१४ नोव्हेंबर

आज हलायचं होतं. बिऱ्हाड लादलं, कोकरं जाळीत, आप्पा बैठकीवर, हातात माईक. हाळी दिली — आणि भोंग्यातून जे काही निघालं त्याला हाळी म्हणता येणार नाही! निम्मी मेंढरं कपाशीत, निम्मी नाल्यात, कुत्रंसुद्धा पळालं. शेतमालक वेगळा शिव्या देत आला. मी डोक्याला हात लावून बसलो. दोन महिने झोप मोडून, हात भाजून हेच करायचं होतं!

तेवढ्यात आप्पा हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून उतरले. थांबा म्हणेपर्यंत काठी टेकत नाल्याकडं निघाले. दहा-बारा पावलांवर गुडघा दगा देऊन गेला. पडले. उठता येईना. त्यांना उठवू की मेंढरं बघू? मला काही सुचेना, आणि माझ्या तोंडून हाळी निघाली. शाळेसाठी शहरात आलो तेव्हापासून कधी दिली नव्हती. इंजिन बंद होतं, रान शांत होतं. कपाशीतनं एक डोकं वर आलं, मग दुसरं.

आली सगळी. माझ्या पायांपाशी येऊन उभी राहिली. आप्पा जमिनीवर बसल्या बसल्या अंगावरचं घोंगडं सोडत होते. ते मला दिलं. "चल पुढं," एवढंच.

सांडूनं आप्पांना हौद्यात चढवलं. चाललो. गाडी मागं, मेंढरं माझ्या मागं. रात्रीच्या मुक्कामाहून कंपनीत फोन लावून रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. वडील आजारी, म्हटलं. व्यापारी उद्या येऊन रिकामं रान बघेल.

१७ नोव्हेंबर

टाचांना फोड.

१९ नोव्हेंबर

आप्पांना हौद्यात करमेना. कोकरं मोजून झाली, बिऱ्हाड दोनदा लावून झालं, मग केबिनकडं बोट दाखवलं. मुनीरनं हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलेटर बसवला होता, उजव्या पायाचं कामच नाही. छोटा गिअर टाकला की गाडी आपली आपण चालते. सांडूनं शेजारी बसून शिकवलं. संध्याकाळपर्यंत आप्पा सत्तराव्या वर्षी ड्रायव्हर! लंगड्या मेंढीच्या मागं तिच्याच चालीनं गाडी आणत होते. हॉर्न एकदाही नाही.

म्हणजे आता जमलं. आप्पा गाडी चालवतील, सांडू पुढं चालेल, मी सुटलो. हे आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, व्हय.

२१ नोव्हेंबर

अंगाला वास येतो. मलाच येईनासा झाला आहे.

२४ नोव्हेंबर

आशाला फोन केला. उद्या येतो म्हटलं. ती म्हणाली, आवाज वेगळा येतोय तुमचा. घसा बसलाय, म्हटलं. मग म्हणाली, दारात जागा खूप झालीय हो आता, बरं नाही वाटत.

२५ नोव्हेंबर. पाचोडच्या अलीकडं.

रजा संपली. उद्या फर्स्ट शिफ्ट. सकाळी घोंगडं अन् काठी सांडूला दिली आणि पिशवी घेऊन हौद्यात आप्पांच्या बैठकीवर बसलो. फाट्यावर उतरून एस.टी. धरायची होती.

सांडू पुढं चालू लागला. त्यानं हाक मारली, पुन्हा मारली. एकही मेंढरू गेलं नाही. सगळी वळली आणि फाळक्यापाशी येऊन माना वर करून उभी राहिली. ज्या गाडीमागं यावीत म्हणून मी मरमर मेलो, तिच्याच मागं.

आप्पांनी इंजिन बंद केलं. मागं वळून बघितलं नाही.

मी उतरलो.