बर्फातले दोन तास

सोमवार, ३

लागली एकदाची नोकरी. मेलेल्या माणसाने दान केलेलं यकृत बर्फाच्या पेटीतून आमच्या रुग्णालयात पोचवायचं, हे माझं काम. निळा गणवेश, गाडीला भोंगा. आरशात पाहिलं आणि स्वतःच्याच प्रेमात पडलो. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की यकृत जितका जास्त वेळ बर्फात, तितकं ते नव्या पोटात उशिरा जागं होतं. फारच झालं तर होतच नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय.

यकृताची वाट बघणाऱ्यांच्या यादीत पहिल्या आहेत एक शिवणकाम करणाऱ्या बाई. पिवळ्याधमक झाल्यात. माझ्या बाहीची टीप उसवलेली दिसली, तर उशीखालून सुईदोरा काढून पडल्यापडल्या घालून दिली. त्यांच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

गुरुवार, ६

पहिली फेरी झाली. यकृत म्हाताऱ्या माणसाचं. अशा यकृताला गारठा सोसत नाही म्हणे. वाटेत ताईचं घर लागतं. म्हटलं, उभ्याउभ्या गणवेश दाखवून येऊ. दाजींनी बसवूनच घेतलं. आधी चहा, मग आता जेवूनच जा. पेटी टेबलाखाली, आणि भाची तिच्यावर टाचा आपटत बसलेली. मग घड्याळ पाहिलं. दोन तास गेले होते.

इतका उशीर झालेलं यकृत डॉक्टर घेणार नाहीत आणि मला हाकलतील, हे दिसत होतं. यकृत बर्फात ठेवल्याची वेळ पेटीवर लिहिलेली असते. शाई ओलसर होती. बोटाने पुसली आणि दोन तास पुढची वेळ घातली. डॉक्टरांनी ती वाचून मला शाबासकी दिली. लगेच बाईंना यकृत बसवायला आत नेलं.

शनिवार, ८

बाई शुद्धीवर आल्यात, पण यकृत काही जागं होत नाही. भेटायला गेलो. आत फार गार वाटतं म्हणाल्या. पोटावर हात ठेवायला लावला — पांघरुणावरूनही माझी बोटं बधिरली. मग हसत सांगू लागल्या, की झोपेत सगळा अंधार होता, डोक्यावर कुणी लहान पोर टाचा आपटत होतं, आणि एक माणूस म्हणत होता, वाढ अजून, मला कसली घाई.

ते मी म्हणालो होतो.

रविवार, ९

डॉक्टर म्हणतात, इतका कमी वेळ बर्फात राहिलेलं यकृत एव्हाना कामाला लागायला हवं. म्हणजे शीर तुंबली असणार. उद्या पुन्हा पोट उघडणार. बाई त्यातून वाचतीलच असं नाही, हे नवऱ्याला सांगितलंय.

खरी वेळ कळली तर ते थांबतील, वाट बघतील. एवढंच सांगायचंय. त्यांच्या दारापर्यंत गेलो — परत आलो. जनाची नाही, मनाची तरी —

सोमवार, १०

आज सांगणारच. आधी बाईंची माफी मागायला गेलो. त्यांनी मनगट धरलं — बर्फ. म्हणाल्या, इथे आत एकटीला गारठायला होतं, तुम्ही या सोबतीला.

सुटत नाही. डाव्या हाताने लिहितोय.

डॉक्टर आले, न्यायला. तोंड उघडलं — आवाज नाही, नुसती वाफ. वही पुढे केली. नंतर बघू म्हणाले. खाट हलली — मी तिच्याबरोबर ओढला जातोय —

नवरा माझे आभार मानतोय. पेटी वेळेवर आणली म्हणून —

डॉक्टर, उघडू नका, मी त्या दिवशी