टिटवीच्या बांधाची व्यवस्था

मी, शेवंताबाई, कै. नामा मढवी यांची पत्नी, वय अदमासे साठ, धंदा सुईणपण व शेती, राहणार घणसोली, तालुका ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. मला लिहिता येत नाही. मी सांगते, कमळाकर मास्तर लिहितात. उद्या पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी मला मुंबईच्या इस्पितळात नेणार आहेत. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि घाबरलेली आहे. मास्तर म्हणाले, यातले दुसरे मृत्युपत्रात घालत नाहीत. मी म्हटले, "लिवा. सुद्दीवर हाय म्हनूनच भ्यायलेय."

१. राहते घर व गावालगतचे भाताचे शेत मुलगा चांगदेव याला द्यावे. शेत विकायचे तर त्याने खुशाल विकावे. सून सरस्वती हिने माझे पडत्या काळात केले, म्हणून पाटल्या तिच्या.

२. जाऊ पुतळा हिला काही नाही. कारण लिहून ठेवते. सात वर्षांपूर्वी माझी लेक शांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मूल वाचले, पण रक्त थांबेना. शांती माझ्या हातांत गेली. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्याच्यानेही झाले नसते. पुतळा मात्र अंगणात सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "हिच्या हाताला मरन लागलंय." तो शब्द तिने अजून मागे घेतलेला नाही. माझ्या मयताला तिने यावे. माझ्या नातीजवळ बसू नये.

३. खाडीकडचा खारा तुकडा व त्याचा बांध शांतीची मुलगी जमुना हिच्या नावे करावा. ती सज्ञान होईपर्यंत चांगदेवने सांभाळावा. शिमग्यापासून आखाडापर्यंत बांधाची माती काढू नये, गवत जाळू नये, गुरे बांधू नयेत.

यावर चांगदेव रागावला आहे. कारखान्यासाठी जागा बघणारे लोक गावात फिरतात. "आये, पाखरांपायी जमीन अडवायची?" असे त्याने विचारले. तो लोभी नाही, त्याच्या घरात खाणारी तोंडे फार आहेत. म्हणून त्याला समजेल असे सांगते.

शांती गेल्यावर माझे हात थरथरू लागले. मला कोणी बाळंतपणाला बोलवीना, आणि त्याचे मला बरेच वाटे. तान्ही जमुना रडली की घरात थांबवत नसे. मी पहाटे उठून बांधावर जाऊन बसे. तिथे एक टिटवी माझ्यावर ओरडू लागली. टिटवी ओरडली की मरण येते म्हणतात. मला वाटले, हिनेही मला ओळखले. मग खड्यांत तिची अंडी दिसली. मी लांब सरकले, तशी ती गप्प झाली.

रोज जात राहिले. ऊन तापले की ती खाडीच्या पाण्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसे. तिच्यामुळे मी इतरांकडेही पाहू लागले: लाल तंगड्यांचे शेकाटे, चिखलात चोच खुपसणारे तुतवार, लांबवर रोहितांची गुलाबी रांग. तोवर सारे आयुष्य खाडीकाठी काढून मी त्यांना पाहिलेच नव्हते. पिले निघाली त्या सकाळी घरी येऊन मी सरस्वतीच्या मांडीवरून जमुनेला घेतले आणि न्हाऊ घातले. हात स्थिर होते. त्याच पावसाळ्यात गोजराच्या बाळंतपणाला गेले. मायलेकरे सुखरूप आहेत.

आता जमुनेला कोणी सांगितले आहे की तिने आईला खाल्ले. ती रात्री दचकून उठते. मी परत आले नाही तर तिने जायचे कुठे, हीच एक काळजी आहे. माणसाला घराबाहेर बसायला एक जागा लागते. बांध तिच्यासाठी आहे, चांगदेव, पाखरांसाठी नव्हे.

आज सकाळी तिला तिथे नेले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत होती. जमुना म्हणाली, "आजी, आपल्याला शिव्या देते का ती?"

"आपल्याला नाय. पिलांना सांगते, हलू नका, मी हाय."

जमुना माझे बोट धरून तशीच उभी राहिली. टिटवी गप्प होईपर्यंत हलली नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

घणसोली, रविवार, १९ एप्रिल १९६४
शेवंताबाई नामा मढवी, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: हिरामण जानू पाटील, सही, यशोदाबाई जयदेव म्हात्रे, अंगठा
लिहिणार: कमळाकर मास्तर, सही