पुण्याची एकच जागा

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

संचिताला आज पण थांबवून घेतलं!

वर्ग सुटला, आम्ही सगळ्या चपला शोधत होतो, आणि आम्हाला शिकवणारी क्षितिजाताई म्हणाली, "संचिता, दोन मिनिटं." दोन नाही, वीस! मी खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी होते. घड्याळ बघत.

पंढरीनाथ सरांनी हा नेतृत्व वर्ग सुरू केला तेव्हा म्हणाले होते, ताई सगळ्यांची सारखी. चार महिने मी दर शनिवारी काशीमीऱ्याहून भाईंदरला, इंद्रलोकला येतेय. एक खाडा नाही. चार लोकांपुढे उभं राहिलं की मी पाठ केलेलंसुद्धा विसरायचे. ते ताईमुळे थांबलं, खोटं कशाला बोलू. पण आता पुण्याच्या शिबिराला मुलाखत घेऊन एकच जण निवडणार. तीच पुढच्या बॅचची गटप्रमुख. आणि थांबवून घेतात कुणाला? तिला.

पप्पा म्हणालेत, पुण्याला निवड झाली तर बारावीनंतर शीक. नाही तर आत्याबरोबर इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात. पॅकिंगला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ताईला मेसेज केला — मुलाखतीत काय विचारतात? उत्तर आलं, "तू फक्त तुझ्यासारखी बोल." म्हणजे काय! संचितालाही एवढंच सांगितलं असेल?

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज दोघी जिन्यात. मी आले तशा गप्प. ताईने हात पटकन खाली घेतले, काहीतरी लपवल्यासारखे.

संचिताला विचारलं, काय चाललंय? "काही नाही गं." आणि हसली. हे "काही नाही"वालं हसू मला पाठ झालंय आता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पाहिलं! डोळ्यांनी पाहिलं.

आईने सुकट आणायला भाईंदर वेस्टला पाठवलं होतं. येताना रिक्षातून बागेत नजर गेली, तर बाकावर ताई आणि संचिता. ताई ऑफिसच्या कपड्यात. म्हणजे लवकर निघून आली असणार, कुणासाठी? रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, रुको. नारळवाल्याच्या गाडीआड उभी राहिले, सुकटीचा वास मारत.

ऐकू काही येत नव्हतं. संचिता हात हलवायची, ताई बघायची, मग ताई तसंच करून दाखवायची. संचिता मान हलवायची — नाही, परत. भाषणातले हातवारे! दोघी मिळून बसवतायत. प्रश्नसुद्धा सांगत असणार, दुसरं काय?

बाहेर एकटीला भेटायचं नाही, हा वर्गाचा नियम आहे. घरच्यांची परवानगी असल्याशिवाय नाहीच. पहिल्या दिवशी आमच्या सह्या घेतल्या होत्या. ताईचीपण.

रात्री जेवले नाही. आई म्हणाली, सुकट तूच आणलीस ना? मग?

शनिवार, १५ नोव्हेंबर

मी अगदी सहज विचारलं, "बुधवारी कुठे होतीस गं?"

"घरी," म्हणाली.

तोंडावर खोटं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सरांकडे जाऊन लेखी दिलं. दोन वाक्यं. क्षितिजाताई संचिताला बाहेर भेटतात. तिला मुलाखतीचे प्रश्न सांगतात.

सरांनी चष्मा काढला. "हे दुसरं, प्रश्न सांगताना — तू स्वतः पाहिलंस?"

मी हो म्हणाले.

"नाव गुप्त राहील. असं पुढे येऊन बोलायला धाडस लागतं, मिनल."

घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ताई नाही. सर म्हणाले, "क्षितिजा मॅडम यापुढे येणार नाहीत." कुणी कारण विचारलं नाही. संचिता खाली बघत बसली होती. वर्ग सरांनी घेतला, विषय — विश्वास. मी सगळं उतरवून घेतलं. आता वाचलं, तर एक शब्द आठवत नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रविवारी सरांनी एकेकीला बोलावून मुलाखत घेतली होती. माझी निवड झाली! पुणे! पप्पांनी गोदामातल्या माणसांना पेढे वाटले. आत्याचा फोन आला, तीपण खूश.

खूश आहे मी. आहेच.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काय लिहू.

वर्ग सुटल्यावर संचिता स्वतः आली. हात हातात घेतला. "मला वाटलंच होतं तुझंच होणार. ताईपण म्हणायची, मिनल जाईल."

मी म्हटलं, "तुझं राहिलं ना पण."

"माझं? मी नावच नव्हतं दिलं. कौस्तुभला टाकून दहा दिवस कशी जाऊ?"

कौस्तुभ तिचा धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही. आई कामावर, त्याचं सगळं हीच बघते. चार महिने शेजारी बसते माझ्या, मी कधी विचारलंच नाही घरी कोण कोण आहे.

मग सगळं सांगितलं तिने. ताईला चार वर्षांची मुलगी आहे, सान्वी. गेल्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तिला ऐकू यायचं बंद झालं. ताईच्या सासूबाई खुणांची भाषा शिकू देत नाहीत. म्हणतात, हात हलवायला शिकवलंत तर पोर कायमची मुकी राहील. म्हणून ताई चोरून शिकत होती. संचिताकडून.

बागेत संचिता शिकवत होती. ताई विद्यार्थिनी!

"तू मला घरी होते म्हणालीस," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"ताईने कुणाला सांगू नको म्हटलं होतं. पण कुणीतरी सरांना सांगितलं, मिनल. सर ताईच्या घरी गेले आणि सासूबाईंसमोरच विचारलं, त्या मुलीला चोरून का भेटता? कोण असेल गं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

आज खोटं मी बोलले.

सोमवार, १ डिसेंबर

सरांकडे गेले. म्हटलं, प्रश्नांचं मी पाहिलं नव्हतं. वाटलं म्हणून लिहिलं.

सर म्हणाले, "बाहेर भेटत होत्या हे खरं ना? मग नियम मोडलाच. नियम तुमच्यासाठीच आहे, उद्या खरंच कुणी वाईट निघालं तर?" तेही खरंच आहे. पण मग म्हणाले, "दुसरं वाक्य नसतं तर मी आधी त्यांना बोलावून विचारलं असतं. काढलं नसतं." कागद पुढे सरकवला. "लिहून दे, खोटं होतं म्हणून."

लिहिलं. सही केली.

"आणि पुणे?" मी विचारलं.

"आता ते मला बघावं लागेल."

मंगळवार, २ डिसेंबर

पप्पांनी नवी बॅग आणलीय. चाकांची. अजून सांगितलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पुणे रद्द. सरांचा फोन पप्पांनीच घेतला. बॅग माळ्यावर टाकली.

संचिताचा मेसेज — रविवारी ये ना घरी. ताई रोज येते आता सान्वीला घेऊन. सासूबाईंशी भांडून येते, पण उघड येते. संचिताला अजून कळलेलं नाही, सरांना सांगणारी मीच ते.

रविवार, ७ डिसेंबर

गेले. उंबऱ्यातच सांगून टाकलं, तक्रार मी केली. प्रश्नांचं खोटं होतं. संचिता उठून उभी राहिली. ताई हललीसुद्धा नाही. कौस्तुभ आणि सान्वी आमच्या तोंडांकडे बघत होते. मग सान्वीने माझ्याकडे बोट केलं आणि हाताने काहीतरी विचारलं. शेवटी संचिताच म्हणाली, माझ्याकडे न बघता, "ती विचारतेय, ही पण येणार का रोज?"

ताईने सान्वीला उत्तर दिलं. हातांनीच. मला कळलं नाही. संचिताने सांगितलं नाही.