पार्सल नको

जव्हार, शनिवार, २० फेब्रुवारी १९८८

आज सलीमभाईच्या चायनीजच्या गाडीवर बसून नूडल्स खाल्ले. एकटीने.

हे होते तेव्हा दर शनिवारी तिथे खायचे आणि माझ्यासाठी अर्धी प्लेट कागदात बांधून आणायचे. घरच्या बायकांनी रस्त्यावर खायचं नाही, म्हणून. घरी येईपर्यंत त्याचा गार गोळा झालेला असायचा.

यांना जाऊन दीड महिना झाला. मला बघून सलीमभाई म्हणाला, "भाभी, पार्सल बांधू ना?"

"नको. इथंच बसते."

त्याने बाकडं पुसलं आणि व्हिनेगरमधल्या मिरच्यांची बाटली पुढे ठेवली. तेवढ्यात धाकटे दीर आले.

"वहिनी, वर्ष तरी सरू द्या. लोक बघतायत."

"बघू देत, भाऊजी. तुम्ही बसता का?"

ते बसले नाहीत. मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलं होतं. त्या बोलत नाहीत. माझं चुकलं का? दीड महिना रडते आहे, त्यात कुठे कमी पडले?

हे म्हणायचे, याची मजा गरम खाण्यातच आहे. पण सोबत चल, असं एकदाही म्हणाले नाहीत.

जीभ अजून पोळलेली आहे. पुढच्या शनिवारीही तिथंच बसणार.